थंडी जमिनीतून येते

(डहाणू तालुक्यातील आगर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर.)



डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांची जमीन नोव्हेंबर २०१८ पासून हादरू लागली. आगरच्या या किनाऱ्यापासून पूर्वेकडे, महामार्गाच्या परिसरातील धुंदलवाडी, हळदपाडा, दापचरी या गावांच्या आसपास भूकंपाच्या लहानमोठ्या धक्क्यांची मालिकाच सुरू झाली. १ फेब्रुवारी २०१९ रोजी एकाच दिवसात अनेक धक्के बसले. त्यांतील मोठा धक्का ४.१ तीव्रतेचा होता आणि त्या दिवशी भयाने घराबाहेर धावताना पडून दोन वर्षांची एक मुलगी दगावली. लोक घरात झोपेनासे झाले. अंगणात, शेताच्या बांधावर, शाळेच्या पटांगणात पथाऱ्या पडल्या. प्रशासनाने राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या मदतीने तंबू उभारले. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिक संशोधन संस्थेने भूकंपमापक यंत्रे बसवली. धक्क्यांची तीव्रता दशांश चिन्हापर्यंत मोजली गेली. परंतु त्याच रात्री उघड्यावर झोपलेल्या माणसांच्या पाठीखाली काय अंथरलेले होते, याची मोजदाद कोठे झाली नाही.

वरवर पाहता हा प्रश्न क्षुल्लक वाटेल. भूकंपासारखे संकट उभे असता गोधडी आणि पेंढा यांचा विचार कशाला, असे कोणी म्हणेल. तथापि त्या हिवाळ्यात या भागातील बहुसंख्य कुटुंबांच्या वाट्याला भूकंपाचा जो प्रत्यक्ष त्रास आला, तो मुख्यतः भिंत कोसळण्याचा नव्हता. तो रात्रीमागून रात्री उघड्यावर काढण्याचा होता. धक्का काही सेकंदांचा असतो, थंडीची रात्र बारा तासांची असते. म्हणून या प्रश्नाकडे दयाबुद्धीने न पाहता हक्काचा प्रश्न म्हणून पाहिले पाहिजे, आणि हक्क मागायचा तर आधी वस्तुस्थिती नेमकी समजून घेतली पाहिजे.

सरकारी थंडी आणि अंगाला लागणारी थंडी

डहाणूला थंडी असते, हेच मुळात अनेकांना मान्य नसते. किनाऱ्यावर जानेवारीतील सरासरी किमान तापमान सोळा-सतरा अंशांच्या घरात असते. समुद्रापासून जसजसे आत जावे तसतसे आकाश निरभ्र, हवा कोरडी आणि रात्र अधिक गार होत जाते. तरीही दिल्ली-पंजाबच्या तुलनेत ही थंडी सौम्यच म्हणावी लागेल. हवामान खात्याच्या व्याख्येनुसार सपाट प्रदेशात किमान तापमान दहा अंशांवर किंवा त्याखाली आणि नेहमीच्या सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी उतरले, की थंडीची लाट समजली जाते. किनारपट्टीच्या ठिकाणांसाठी ही मर्यादा पंधरा अंश आहे, आणि तेथेही सरासरीपेक्षा साडेचार अंशांची घट ही अट आहेच. आपत्ती प्रतिसाद निधीतून ज्यांसाठी मदत देता येते त्या आपत्तींच्या यादीत थंडीच्या लाटेचा समावेश आहे. परंतु दर हिवाळ्यात नेमाने येणारी साधी थंडी त्या यादीत बसत नाही. सरासरीपेक्षा किती खाली, हा निकष असल्यामुळे जी थंडी दरवर्षीच पडते ती सरकारदरबारी थंडीच नव्हे, असा त्याचा व्यावहारिक अर्थ होतो.

माणसाचे शरीर मात्र सरासरी पाहत नाही. ते सदतीस अंशांच्या आसपास आपली अंतर्गत उष्णता टिकवण्यासाठी धडपडत असते. ही उष्णता पस्तीस अंशांखाली गेली की माणूस धोक्यात येतो. त्यासाठी बर्फ पडावा लागत नाही. कपडे ओले असतील, वारा असेल, पोट रिकामे असेल, आणि माणूस तान्हे मूल किंवा म्हातारा असेल, तर दहा-पंधरा अंशांतही हे घडू शकते. तापमापकावरील आकडा एकच असतो, पण तो गादीवरच्या माणसासाठी एक आणि ओल्या जमिनीवरच्या माणसासाठी दुसराच असतो.

उष्णता जाते कोठे?

झोपलेला प्रौढ माणूस साधारण सत्तर ते ऐंशी वॅट उष्णता निर्माण करतो. म्हणजे जुन्या पद्धतीचा एक विजेचा दिवा जितकी ऊर्जा घेत असे, तितकी. रात्रभर शरीराची एवढीच मिळकत असते आणि खर्च मात्र चार वाटांनी होतो. पहिली वाट जमिनीची. अंग जेथे जमिनीला टेकते तेथून उष्णता थेट मातीत उतरते. दुसरी वाट वाऱ्याची. अंगाभोवती तापलेला हवेचा थर वारा उडवून नेतो आणि त्या जागी गार हवा येते. तिसरी वाट आकाशाची. निरभ्र रात्री उघड्यावर पडलेली प्रत्येक वस्तू आपली उष्णता आकाशाकडे फेकत असते. म्हणूनच पहाटे मोकळ्या शेतातील गवतावर दव दाट साचते आणि झाडाखालचे गवत त्या मानाने कोरडे राहते. चौथी वाट ओलाव्याची. घाम किंवा दव अंगावर वाळताना उष्णता घेऊन जाते. शिवाय पाणी हे हवेच्या वीसपटीहून अधिक वेगाने उष्णता वाहून नेते, म्हणून ओली गोधडी ही नसलेल्या गोधडीसारखीच होय.

या चारांपैकी आकाश आणि वारा यांच्याकडे सर्वांचे लक्ष जाते, कारण ते जाणवतात. जमिनीकडे जात नाही. पांघरूण वाढवावे, तंबू ठोकावा, ही बुद्धी सहज होते. पण पाठीखाली काय आहे याचा विचार मागे पडतो. वस्तुतः ऊब गोधडीच्या कापडात नसून कापडांच्या थरांमध्ये कोंडलेल्या हवेत असते. अंगावरची गोधडी फुगलेली राहते म्हणून ती ऊब धरते. तीच गोधडी अंगाखाली घेतली की माणसाच्या वजनाने दबते, तिच्यातील हवा निघून जाते आणि ती जवळजवळ निरुपयोगी ठरते. दोन गोधड्या अंगावर घेऊन नुसत्या जमिनीवर पडलेला माणूस पहाटे कुडकुडत उठतो तो यामुळे. खाली काहीतरी असे हवे की जे वजनाने पूर्ण दबणार नाही. भाताचा पेंढा ही त्यासाठी या भागात सर्वांत सहज मिळणारी वस्तू आहे. वीतभर जाडीचा कोरडा पेंढा अंथरला तर झोपल्यावर दबूनही त्याचा चांगला थर शिल्लक राहतो आणि प्रत्येक काडीच्या पोकळीत हवा कोंडलेली असते.

पीक राखण्यासाठी खळ्यावर झोपणाऱ्या शेतकऱ्याला हे पुस्तकावाचून ठाऊक आहे. तो पेंढ्यात शिरूनच झोपतो. परंतु फेब्रुवारीत भूकंपाच्या भयाने बाहेर पडलेल्या कुटुंबाकडे पेंढा उरलेला असेलच असे नाही. तो गुरांना घातलेला असतो, किंवा विकलेला असतो. आणि भूमिहीनाकडे तर तो नसतोच. ज्ञान आहे, पण साधन नाही, अशी ही स्थिती आहे. गरिबाला काही कळत नाही म्हणून तो गारठतो हा सुशिक्षितांचा आवडता समज या ठिकाणी साफ खोटा ठरतो.

कायद्यातील पाच शब्द

आता राज्यसंस्थेच्या जबाबदारीकडे वळू. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या बाराव्या कलमात मदत छावण्यांतील किमान गरजांचा उल्लेख आहे. निवारा, अन्न, पिण्याचे पाणी, वैद्यकीय सोय आणि स्वच्छता, अशा पाच बाबी तेथे मोजून दिल्या आहेत. या पाचांत अंथरूण-पांघरूण नाही. निवारा या शब्दाचा अर्थ डोक्यावरचे छप्पर असा लावला, की तंबू ठोकताच कलमाची पूर्तता झाली, असे म्हणायला अधिकारी मोकळा होतो. एकेरी कापडाचा तंबू वारा आणि दव अडवतो, आकाशाकडे जाणारी उष्णता काही अंशी थोपवतो. परंतु जमिनीची वाट तो उघडीच ठेवतो. चार वाटांपैकी एक वाट सबंध उघडी ठेवून दिलेल्या निवाऱ्याला पुरा निवारा म्हणता येणार नाही.

हे ज्ञान जगात नवे नाही. आपद्ग्रस्तांना मदत करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थांनी १९९७ पासून 'स्फिअर' या नावाने किमान मानके तयार केली. प्रत्येक माणसामागे साडेतीन चौरस मीटर छपराखालची जागा हे त्यांतील प्रसिद्ध मानक आपल्याकडील मार्गदर्शक सूचनांतही आले. परंतु त्याच मानकांत आणखी एक गोष्ट सांगितलेली आहे: थंड हवेत जादा ब्लँकेट देण्यापेक्षा जमिनीपासून वेगळे ठेवणारे अंथरूण देणे अधिक उपयोगी ठरू शकते. जागेचे मोजमाप उचलले गेले आणि अंथरुणाची सूचना मागे राहिली. जागा दाखवता येते, तंबूंची रांग छायाचित्रात दिसते. पेंढा भरलेले पोते दिसत नाही.

महाराष्ट्राला याचा अनुभव पूर्वीही आला आहे. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा पाटण तालुक्यातील लोकांना ऐन हिवाळ्यात, सह्याद्रीच्या डोंगरात उघड्यावर यावे लागले. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादमधील हजारो कुटुंबांचा पहिला हिवाळा तात्पुरत्या निवाऱ्यात गेला. शेजारच्या कच्छमध्ये २६ जानेवारी २००१ रोजी भूकंप झाला तो थंडीतच. म्हणजे भूकंप आणि उघड्यावरची थंडीची रात्र यांची गाठ पश्चिम भारतात वारंवार पडलेली आहे. असे असता प्रत्येक वेळी अंथरुणाचा प्रश्न नव्याने आणि उशिरा सुचावा, याला योगायोग म्हणता येणार नाही. ज्यांच्या पाठीला जमीन लागते त्यांचा आवाज नियम करणाऱ्यांच्या खोलीत पोहोचत नाही, हेच त्याचे कारण होय.

येथे आणखी एका विसंगतीचा विचार केला पाहिजे. कारवीच्या कुडाचे, मातीने लिंपलेले वारली घर हलके आणि लवचिक असते. ते हलले तरी माणसाला चिरडत नाही. विटांची, पुरेशा सळया नसलेली, घाईने बांधलेली घरकुले मात्र धक्क्याने तडकतात आणि त्यांच्याच भिंतींचे भय वाटून लोक बाहेर येतात. 'पक्के' घर मिळाले म्हणून माणूस भूकंपात अधिक असुरक्षित झाला आणि असुरक्षित झाला म्हणून थंडीत बाहेर पडला. कुडाच्या घरात परत जा, असा याचा अर्थ नव्हे. सार्वजनिक पैशातून बांधलेले घर भूकंपाला टिकेल असे बांधणे हाही उघड्यावरच्या थंडीवरचा एक उपाय आहे, एवढाच त्याचा अर्थ.

भूकंप नसतानाही

पण भूकंपाच्या रात्री हा या प्रश्नाचा एकच भाग झाला. धक्के बसोत वा न बसोत, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड येथील हजारो आदिवासी मजूर दर वर्षी हिवाळ्याच्या रात्री उघड्यावर किंवा त्यासारख्याच आडोशाखाली काढतात. दिवाळीनंतर भातकापणी आटोपली की कुटुंबेच्या कुटुंबे उचल घेऊन वसई, भिवंडी, कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. तेथील झोपडी म्हणजे विटा एकावर एक रचलेल्या चार बुटक्या भिंती, वर ताडपत्री किंवा प्लॅस्टिक. खाली तीच चिखलाची जमीन. पहाटेच्या अंधारात गारा तुडवायला उठायचे, म्हणजे रात्रभर न मिळालेली ऊब घेऊन पुन्हा थंड चिखलात पाय घालायचे. मजुरी मिळते ती दर हजार विटांमागे. त्या हजार विटांच्या दरात रात्रीच्या ऊबेचा पैसा कोठेही धरलेला नसतो.

मग मजूर ऊब शोधतो ती पेटलेल्या भट्टीजवळ. यातील धोका प्रत्येक कार्यकर्त्याला ठाऊक असला पाहिजे. मार्च २०२३ मध्ये छत्तीसगडातील महासमुंद जिल्ह्यात वीटभट्टीवर झोपलेले पाच मजूर धुराने गुदमरून मेले. भट्टीतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नसतो, वास नसतो. तो रक्तात प्राणवायूची जागा घेतो आणि झोपलेला माणूस जागाच होत नाही. बंद झोपडीत किंवा तंबूत निखाऱ्यांची शेगडी घेऊन झोपण्यातही हाच धोका आहे. अशा मृत्यूची नोंद अपघात म्हणून होते. परंतु ज्याला दुसरीकडे ऊब मिळाली असती तो भट्टीवर झोपला असता का, हा प्रश्न पंचनाम्यात विचारला जात नाही.

कायद्याने या मजुरांचा विचार कधी केलाच नव्हता असे नाही. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात ठेकेदाराने योग्य निवासाची सोय करावी आणि संरक्षक कपडे द्यावेत, अशी तरतूद होती. केंद्र सरकारच्या १९८० च्या नियमांत तर तापमान वीस अंशांखाली जात असेल तेथे लोकरीचा कोट आणि लोकरीची विजार देण्याचे बंधन घातलेले होते. वीस अंश हा आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे. हवामान खात्याची थंडीची लाट किनाऱ्यावर पंधरा अंशांखाली सुरू होते, पण मजुराला थंडी वीस अंशांखाली वाजू लागते, हे या देशाच्या एका नियमाने कागदावर का होईना मान्य केले होते. त्या मापाने डहाणूची जानेवारीतील जवळजवळ प्रत्येक रात्र थंडीची ठरते.

परंतु तो कायदा आंतरराज्य होता. ठेकेदाराने दुसऱ्या राज्यातून आणलेल्या मजुरालाच तो लागू होता. म्हणजे तलासरीचा मजूर ठेकेदारामार्फत सीमा ओलांडून वापीला गेला तर त्याला कायद्याची ऊब, आणि त्याचाच भाऊ त्याहून दूर भिवंडीला गेला तर त्याला काहीच नाही. कारण तो आपल्याच राज्यात राहिला. थंडीला राज्यांच्या सीमा कळत नाहीत, कायद्याला मात्र त्याच कळत होत्या. पुढे हा कायदा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची परिस्थिती यासंबंधीच्या २०२० च्या संहितेत विलीन करण्यात आला आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. संहितेखालच्या नियमांत राज्यांतर्गत स्थलांतर करणाऱ्या मजुरालाही निवास आणि अंथरूण-पांघरूण यांचा हक्क मिळाला पाहिजे, ही मागणी आता लावून धरण्याची वेळ आहे.

'त्यांना सवय असते'

या मागणीवर एक ठरलेला आक्षेप येतो. आदिवासींना उघड्यावर झोपण्याची सवय असते, असे म्हटले जाते. या आक्षेपाचा आर्थिक अर्थ तपासून पाहिला पाहिजे. थंडीत शरीर उष्णता टिकवते ती फुकट नव्हे. कुडकुडणे म्हणजे स्नायूंनी साठवलेले अन्न जाळणे. दिवसभर विटा थापून किंवा गवत कापून जे अन्न पोटात गेले, त्यातील वाढीचा किंवा दुसऱ्या दिवसाच्या श्रमाचा हिस्सा रात्री नुसते जिवंत राहण्यात खर्च होतो. ज्याच्याकडे गादी आहे त्याचा हा खर्च गादी भरून काढते. ज्याच्याकडे नाही त्याचा खर्च त्याचे शरीर भरते. म्हणजे मालकाने जी ऊब दिली नाही तिची किंमत मजूर आपल्या ताटातून देत असतो. ही मजुरीतील कपातच आहे, फक्त ती हिशेबाच्या वहीत लिहिली जात नाही.

मुलांच्या बाबतीत हा हिशेब अधिक क्रूर होतो. लहान मुलाच्या वजनाच्या मानाने त्याच्या त्वचेचे क्षेत्रफळ मोठे असते, म्हणून ते मोठ्या माणसापेक्षा लवकर गार पडते. १९९२ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला तेव्हापासून कुपोषणाची चर्चा ताटात काय वाढले याभोवती फिरत आहे, आणि ती आवश्यकही आहे. परंतु ताटात वाढलेले अन्न रात्री थंडीने जाळून टाकले तर वजन कसे वाढणार? पोषण आहाराचा आणि अंथरुणाचा असा थेट संबंध आहे. तेव्हा 'सवय' या शब्दाने जे झाकले जाते ते म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या शरीराने भरलेली किंमत होय.

मोजता येईल अशी मागणी

या भूमीतच या आक्षेपाला एकदा उत्तर मिळालेले आहे. वेठबिगार ही वारल्यांची सवयच आहे, असे १९४५ पूर्वी जमीनदार म्हणत असत. २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळच्या झरी गावी भरलेल्या परिषदेने ती सवय मोडून काढली. गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखालील त्या लढ्याचा पक्ष कोणता होता, हा येथे मुद्दा नाही. त्याची पद्धत महत्त्वाची आहे. पाचशे पौंड गवत कापण्याला अडीच रुपये, ही त्या लढ्यातील मागणी. 'योग्य मजुरी द्या' असे तिचे स्वरूप नव्हते. गवत किती आणि रुपये किती, हे निरक्षर मजुरालाही मोजून घेता येईल अशी ती होती. नशीब म्हणून सोसलेली गोष्ट आकड्यात मांडली गेली तेव्हाच ती हक्काची झाली.

रात्रीच्या ऊबेबाबतही हेच करावे लागेल. 'थंडीपासून संरक्षण द्या' ही मागणी नव्हे, विनंती आहे. माणशी एक जाड, कोरडे अंथरूण, म्हणजे पेंढा भरलेले पोते किंवा तत्सम गादी. माणशी एक गोधडी किंवा ब्लँकेट, तान्ह्या मुलाच्या आईला आणि वृद्धांना जादा एक. तंबूखाली पाणी शिरू नये म्हणून उंच केलेली जमीन आणि प्लॅस्टिकचा तळ. आणि तापमान वीस अंशांखाली उतरणाऱ्या प्रत्येक रात्रीसाठी ही जबाबदारी, ही मागणी झाली. तहसीलदाराने ती पूर्ण केली की नाही हे पाड्यावरचा कोणीही माणूस पोती मोजून सांगू शकेल.

संघटनेने ठरवले तर ऊब कशी उभी राहते, हे दिल्लीच्या सीमेवर दिसले. २६ नोव्हेंबर २०२० पासून शेतकरी तेथे बसले. महाराष्ट्रातून २१ डिसेंबरला नाशिकहून निघालेला वाहनजथा राजस्थान-हरियाणा सीमेवरील शहाजहानपूरला जाऊन मिळाला. डहाणूच्या कितीतरी पट कडक थंडीत माणसे महिनोन्‌महिने रस्त्यावर झोपली. ट्रॉलीचा तळ जमिनीपासून उंच, त्यावर पेंढा, त्यावर गाद्या, वर ताडपत्री, आणि लंगरमध्ये रात्री पोटभर गरम जेवण. म्हणजे चारही वाटा बंद करण्याची आणि शरीराची मिळकत वाढवण्याची व्यवस्था होती. तरीही वर्षभरात सातशेहून अधिक आंदोलक दगावले, असे संघटनांनी सांगितले, आणि त्यांच्या कारणांत थंडीही होती. तेव्हा उत्तम संघटनाही थंडीवर पूर्ण मात करू शकत नाही. मग तंबू देऊन मोकळ्या होणाऱ्या प्रशासनाच्या हाती दिलेल्या, असंघटित माणसांचे काय होत असेल, याचा विचार व्हावा.

कार्यकर्त्याने काय करावे

मागणी मान्य होईपर्यंत रात्री थांबणार नाहीत. म्हणून पाड्यापाड्यांवर पुढील गोष्टी समजावून सांगणे हेही चळवळीचेच काम आहे.

झोपण्याची जागा ओढ्याच्या किंवा खाचरांच्या तळाशी निवडू नये. गार हवा जड असल्यामुळे उतारावरून खाली उतरते आणि तेथे साचते. थोडी उंच, वाऱ्याला पाठ देणारी, झाडाच्या आडोशाची जागा बरी. मात्र भूकंपाच्या दिवसांत भिंतीच्या आणि विजेच्या तारांच्या जवळ झोपू नये. अंगावरचे घामेजलेले किंवा भिजलेले कपडे बदलूनच झोपावे; दुसरे कपडे नसतील तर निदान शेकोटीजवळ ते पुरते वाळवावेत. पेंढा उन्हात वाळवून, झटकून, साप-विंचू नाही असे पाहून पोत्यात भरावा. बाजेवर झोपले की थंडी चुकते हा समज अपुरा आहे, कारण बाजेखालून वारा खेळतो. तेव्हा बाजेवरही पेंढ्याचे पोते हवे. प्लॅस्टिकचा कागद जमिनीवर किंवा सर्वांत वर घ्यावा, अंगाला गुंडाळू नये. आतला घाम आतच राहून पहाटेपर्यंत अंथरूण ओले होते. डोके, कान आणि पाय झाकावेत. तान्ह्या मुलाला वेगळे न निजवता आईच्या उघड्या छातीशी धरून दोघांवर पांघरूण घालावे. कोलंबियातील बोगोटा येथे १९७८ च्या सुमारास डॉक्टरांनी याच रीतीने अपुऱ्या दिवसांची बाळे जगवायला सुरुवात केली आणि ती आज जगभर मान्य झाली आहे. दारूने ऊब येते हा घातक भ्रम आहे. दारूने त्वचेकडील रक्तवाहिन्या रुंदावतात, गरम वाटते, आणि आतली उष्णता अधिकच वेगाने बाहेर जाते. शेकोटी उघड्यावर, पेंढ्यापासून दूर असावी आणि झोपण्यापूर्वी विझवावी. निखारे झोपडीत वा तंबूत नेऊ नयेत, आणि भट्टीवर कोणी झोपू नये.

शेकोटीसाठी काटक्या वेचणाऱ्या बाईला जंगलात अडवले जाते. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजांच्या व्याख्येत काटक्या-झुडपांचे जळण आणि बुंधे यांचा समावेश केला आहे. तो हक्क ग्रामसभेच्या ठरावात नोंदवून घेतला पाहिजे. तसेच दर वर्षी भातकापणीनंतर, नोव्हेंबरातच, प्रत्येक ग्रामसभेने गावात किती माणसांकडे कोरडे अंथरूण नाही आणि किती कुटुंबे भट्टीवर निघाली आहेत, याची यादी करून ती तहसील कार्यालयात द्यावी आणि पोच घ्यावी. पेंढा स्वस्त असतो तो त्याच दिवसांत. ग्रामपंचायतीने तेव्हाच तो घेऊन पोती भरून ठेवली, तर फेब्रुवारीत धक्का बसला तरी माणूस नुसत्या जमिनीवर पडणार नाही. यात मोठ्या निधीचा किंवा परदेशी तंत्राचा प्रश्न नाही. प्रश्न आहे तो कोणाच्या पाठीखाली काय आहे हे पाहण्याची जबाबदारी कोणावर टाकायची, एवढाच.

समाजवादाच्या चर्चेत छप्पर, जमीन, मजुरी हे शब्द नेहमी येतात, अंथरूण हा शब्द येत नाही. परंतु आयुष्याचा तिसरा हिस्सा माणूस झोपून काढतो, आणि त्या हिश्शात तो एकटा, मुका आणि सर्वांत दुबळा असतो. दिवसाच्या आठ तासांच्या कामासाठी कामगारवर्गाने शतकभर लढे दिले. रात्रीच्या आठ तासांच्या झोपेचाही हिशेब आता मागितला पाहिजे. येत्या नोव्हेंबरात डहाणू आणि तलासरीच्या पाड्यांवर जाणाऱ्या प्रत्येक साथीने घराचे छप्पर पाहून झाल्यावर खाली वाकून अंथरुणाला हात लावून पाहावा. ते जाड आहे का, कोरडे आहे का, हे वहीत लिहावे. चळवळीचे पुढचे निवेदन त्या वहीतून निघाले पाहिजे.